नऊ घाव

“मग मालक मेला, तेव्हा टाळ्या कोणी वाजवल्या?” भागूमाईंनी विचारलं.

“सगळ्यांनी,” रणधीर म्हणाला.

“सगळ्यांनी म्हणजे?”

“सगळ्या सभागृहानं, माई. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत.”

“रांगेला हात नसतात रे. माणसं सांग.”

रणधीर शिंत्रेनं मांडीवरची वही उघडली. काल रात्रीच्या प्रयोगात विंगेत उभं राहून त्यानं एकेका प्रेक्षकाची नोंद केली होती. कॉलेजात मराठी शिकवायचा, हौशी नाटकं बसवायचा. मोलकरणीला छळणाऱ्या मालकाचा शेवटी खून होतो, अशा एका चिनी नाटकाचं भाषांतर त्यानं स्वतः केलं होतं आणि गडहिंग्लजमध्ये त्याचा कालचा तिसरा प्रयोग तुडुंब भरला होता.

पण आज सकाळपासून तो हिरण्यकेशीच्या काठावरच्या या मठात बसून होता, ते नाटकासाठी नाही. अनुग्रहासाठी, माईंनी कानात मंत्र द्यावा म्हणून.

तीन वर्षं तो मागत होता. पहिल्या वर्षी माई म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू. दुसऱ्या वर्षी काहीच म्हणाल्या नाहीत, हातावर प्रसाद ठेवला आणि आत गेल्या. या वर्षी म्हणाल्या, “गुडघ्यांनी दगा दिला, तुझं नाटक बघायला नाही जमायचं. तर मला ते बघणाऱ्यांच्या तोंडांवर दाखव. एकही तोंड गाळायचं नाही. सगळी दाखवून झाली की कान पुढे कर.”

मुदतही होती. उद्यापासून मार्गशीर्ष. आज दिवेलागणीला देवापुढची समई लागली की माई मौन धरणार, ते थेट महिना संपल्यावर सोडणार. वीस वर्षांचं त्यांचं व्रत होतं, एकदाही मोडलेलं नव्हतं.

“पहिल्या रांगेत कारखान्याचे चेअरमन होते,” रणधीर वाचू लागला. “सर्वात जास्त टाळ्या त्यांच्या. उठून उभे राहिले. नंतर मला म्हणाले, शिंत्रे, असले मालक पूर्वी आपल्याकडंही होते बरं का.”

“पूर्वी,” माई म्हणाल्या आणि पावट्याची शेंग सोलून दाणे परातीत टाकले.

“त्यांच्या शेजारी डॉक्टरीणबाई. मोलकरणीचं पोर उपाशी मरतं, तिथं हुंदके देऊन रडल्या. मध्यंतरात बाहेर आल्या आणि गाडी दारात आणली नाही म्हणून ड्रायव्हरला...”

“झोडपलं?”

“तोंडानं.”

माई गालातल्या गालात हसल्या. “बरं. मागे?”

“मागे वीटभट्टीवरची माणसं होती. मीच फुकट बोलावली होती.” रणधीरचा आवाज जरा कडक झाला. “त्यांच्यासाठीच तर नाटक. आणि माई, ती नेमकी नको तिथं हसली. मोलकरीण मालकाचं उष्टं ताट चाटते ना, तिथं. सगळं सभागृह गप्प आणि ही माणसं खिदळतायत. अडाणी, दुसरं काय.”

“तुझी नटी ताट कसं चाटते?”

“म्हणजे?”

“दाखव की.”

रणधीरनं वही बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी न दिसणारं ताट तोंडाशी धरलं आणि जीभ फिरवली. मठाचे जुने सेवेकरी दामूकाका दारात समई घासत बसले होते. ते फसकन हसले आणि पटकन खोकले.

“भुकेलं माणूस ताट चाटत नाही बाळा,” माई म्हणाल्या. “बोटानं निपटून घेतं. जिभेला काही उरू देत नाही.”

रणधीरनं वही पुन्हा मांडीवर ओढली. मग त्यानं वहीत काहीतरी लिहिलं.

“ते काय लिहिलंस?”

“बोट.”

“छान. पुढं?”

माईंना खरंच ऐकायचं होतं. गोष्ट ऐकणाऱ्या लहान मुलीसारखे त्यांचे डोळे त्याच्या तोंडावर होते, शेंगा सोलणारी बोटं तेवढी आपल्या आपण चालत होती. त्यामुळे रणधीरला हुरूप आला. त्यानं एक कॉलेजची मुलगी सांगितली, पहिलं रक्त उडाल्याबरोबर तोंड दाबून बाहेर गेलेली. एक निवृत्त तलाठी सांगितले, ते मध्यंतरात विचारत होते, चीनमध्येसुद्धा असं असतं होय?

“तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, नाटक आहे काका.”

“आणि ते?”

“म्हणाले, मग ठीक.”

माईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. “मग ठीक...” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

“तेच तर माझं कोडं आहे, माई,” रणधीर पुढे सरकला. “चेअरमन मोलकरणीच्या बाजूचे. डॉक्टरीणबाई मोलकरणीच्या बाजूच्या. वीटभट्टीवाले तर आहेतच. मालकाच्या खुर्चीत कोणीच बसलं नाही. चारशे माणसांत एकालाही वाटलं नाही, की हा घाव मला लागला.”

“तुला काय वाटलं?”

“मला?” रणधीर हसला. “मी लिहिणारा. मी बाहेर उभा.”

“आतून कोण बघत होतं?”

“आतून म्हणजे?”

“पडद्याच्या आतून. तू विंगेत होतास. तिथं अजून कोणी असेल ना.”

“नट होते.”

“नट नाटकात. बघत कोण होतं?”

रणधीरनं वहीची पानं चाळली. तिथं काही नव्हतं. मग त्याला आठवलं.

“गौराक्का होती. कपडेपटाचं बघते ती. समोरच्या विंगेत बादली घेऊन उभी होती. तिची सावली रंगमंचावर पडत होती म्हणून मीच तिला हातानं मागे सर म्हटलं.”

“टाळ्या वाजवल्या तिनं?”

“नाही. ओठ हलत होते.”

“जप करत असेल.”

“जप कसला, माई. समोर खून चाललाय.”

“मग काय म्हणत होती?”

“...मी विचारलं नाही.”

माईंनी परात बाजूला सारली. नदीच्या बाजूच्या खिडकीतून ऊन तिरकं आत आलं होतं. त्यांनी ते पाहिलं, रणधीरनंही पाहिलं.

“एक तोंड राहिलं की रे,” त्या म्हणाल्या.

नाटक मंडळी मठाच्याच धर्मशाळेत उतरली होती. उद्या बेळगावात प्रयोग. गौराक्का घाटाच्या खालच्या पायरीवर धुणं घेऊन बसली होती, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेलं, शेजारी सोड्याचा डबा. रणधीर वही घेऊन भराभर पायऱ्या उतरला. दोन मिनिटांचं काम होतं.

“गौराक्का, काल खुनाच्या वेळी तुम्ही तोंडातल्या तोंडात काय म्हणत होता?”

गौराक्कानं वर पाहिलं. “मी? काय न्हाई सर.”

“ओठ हलत होते.”

“मोजत हुते.”

“काय?”

“घाव.” तिनं ओल्या मनगटानं कपाळावरचा केस मागे सारला. “मालकाला किती घाव बसत्यात त्ये मोजायचं. घाव कळलं की दुसऱ्या दिवशीचं धुणं कळतंय.”

तिच्यासमोर दगडावर तीन अंगरखे होते. मालकाचा, आणि त्याचं रक्त अंगावर उडालेल्या त्याच्या दोन मुलांचे. चीनमध्ये सुतक पांढऱ्या कपड्यांत पाळतात, हे रणधीरनं वाचलं होतं. म्हणून खून त्यानं नेमका सुतकाच्या दिवशी घातला होता. पांढऱ्यावर लाल कसं उठून दिसतं. कोल्हापूरच्या एका परीक्षकानं त्याला खास दाद दिली होती.

रक्तही त्याच्याच डोक्यातून निघालेलं. काकवीत खायचा लाल रंग कालवायचा. दाट होतं, हळू ओघळतं, दिव्याखाली चमकतं.

आता त्या काकवीवर मुंग्या लागल्या होत्या. एक बाही जवळजवळ पांढरी झाली होती, बाकी सगळं गुलाबी. गौराक्काच्या बोटांना भेगा पडल्या होत्या आणि भेगांतही लाल रंग बसला होता. त्यातला कुठला काकवीचा आणि कुठला तिचा, ते त्याला कळेना.

“एक विचारू का सर?” ती म्हणाली. “रागवू नगा.”

“विचारा.”

“त्येला एका घावात मारता येत न्हाई व्हय?”

रणधीर हसायला गेला, पण हसू आलं नाही. “तसं नाही गौराक्का. त्या घावांना अर्थ आहे. शंभर वर्षांचा राग आहे तो.”

“आसंल की.” तिनं बाही उलटी केली. “पर कोल्हापुरात चारच घाव हुते. टाळ्या पडल्या, तर इचलकरंजीत तुम्ही सहा केलं. तितं आनखी टाळ्या पडल्या. काल हितं नऊ. राग काय गावागणिक वाढतोय?”

तो पायरीवर बसला.

हे त्यानं कुठल्याच वहीत लिहिलं नव्हतं. इचलकरंजीला जाताना गाडीत खून करणाऱ्या नटाला तो म्हणाला होता, आणखी दोन टाक, पब्लिकला आवडतंय. इतकंच. विसरूनही गेला होता.

“मग तुम्ही आधी का नाही बोललात?”

“तुम्ही सावली मागं घे म्हटलासा, मागं घेतली. ह्ये न्हवतं इचारलं कोणी.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. भाव विचारल्यावर सांगावा तसं तिनं सांगितलं आणि पुन्हा अंगरखा दगडावर घेतला.

उत्तर मिळालं होतं. वर जायचं, माईंना सांगायचं, कान पुढे करायचा. रणधीर उठला. दोन पायऱ्या चढला...

मग खाली आला.

“एक इकडे द्या.”

“काय?”

“अंगरखा.”

गौराक्कानं त्याला खालून वर न्याहाळलं. “ऱ्हाऊ द्या सर. धुणं म्हंजे भाषांतर न्हवं.”

तरी त्यानं घेतला. मालकाचाच निघाला. हिवाळ्यातलं नदीचं पाणी बोटांना चावत होतं. त्यानं कापड घासलं तसा रंग आणखीच पसरला.

“छातीकडनं न्हवं, मानंकडनं धरा,” गौराक्का म्हणाली. “आन इतकं जोरात न्हाई. त्यो आदीच मेलाय.”

या वेळी मात्र त्याला हसू आलं. तीही हसली.

पहिला घाव निघाला. निघाला म्हणजे लालाचा गुलाबी झाला. दुसरा. तिसऱ्यापाशी त्याच्या बोटांची सालं निघू लागली. पाठ भरून आली. वरून दामूकाकांनी कठड्यावरून हाक मारली, “शिंत्रे, समई घासून झाली हां.”

“आलो,” रणधीर म्हणाला.

ऊन घाटावरून निघून पलीकडच्या उसावर गेलं. पाचवा घाव.

“जावा सर,” गौराक्का हळूच म्हणाली. “माईंचं मौन सुरू हुईल. तुमचं काय त्ये काम हाय न्हवं आज... दामूकाका सांगत हुतं. मी बगते ह्येचं.”

रणधीरनं तिच्याकडे पाहिलं. तिच्या दगडावर दोन अंगरखे होते. हा दिला की तीन. उद्या संध्याकाळी बेळगावात ते पांढरेशुभ्र हवेत, असं कालच त्यानं तिला बजावलं होतं, आणि डाग राहिला तर बघा, असंही.

तीन वर्षं... वर फक्त वीस पायऱ्या होत्या.

“सहावा कुठंय?” त्यानं विचारलं.

गौराक्कानं बोट दाखवलं. “खांद्यावर.”

तो खांद्याशी लागला.

सातव्या घावापाशी वर मठात घंटा वाजली. खिडकीत पिवळा उजेड दिसला. रणधीरचा हात क्षणभर पाण्यात थांबला. गौराक्कानं वर पाहिलं नाही. तिनं आपला अंगरखा पिळला, झटकला आणि त्याच्या हातातल्याचं दुसरं टोक धरलं. मग दोघांनी मिळून उरलेले दोन काढले.

डाग पुरते गेले नाहीत. पण आता लांबून दिसले नसते.

तो वर आला तेव्हा मठात दहाबारा माणसं बसली होती. समई शांत जळत होती. माई नेहमीच्या जागी, मांडीवर पाटी-पेन्सिल. महिनाभर आता तेच त्यांचं तोंड. दामूकाका त्याच्याजवळ सरकून कुजबुजले, “अर्धा तास वाट बघितली त्यांनी. कुठं तडमडला होतास?”

रणधीर दारातच थांबला. त्याची वही घाटावरच राहिली होती, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. त्यानं लांबूनच नमस्कार केला. ओले हात लपवावेत असं वाटलं आणि त्यानं ते पाठीमागे घेतले.

माईंनी पाटीवर लिहून त्याच्याकडे धरली. ‘काय म्हणत होती?’

“घाव मोजत होती,” तो म्हणाला. “धुण्यासाठी.”

माई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी तळहात पुढे केला.

रणधीरनं आपले हात त्यात ठेवले. मनगटापर्यंत गुलाबी, बोटं सुरकुतलेली, दोन ठिकाणी साल गेलेली. माईंनी ते उलटसुलट करून पाहिले. नाकाशी नेऊन वास घेतला. भुवया जरा वर गेल्या, जसं एखाद्या नवलाच्या वस्तूकडे बघून जातात.

“माई,” तो म्हणाला, “वेळ टळली. मला माहीत आहे. पुढच्या वर्षी येईन.”

माईंनी पाटी खाली ठेवली.

त्यांनी त्याला खुणेनं जवळ बोलावलं. आणखी जवळ. डाव्या हातानं पदर पुढे घेऊन त्यांनी त्याच्या उजव्या कानाभोवती आडोसा केला, अनुग्रह देताना करतात तसा. दामूकाका अर्धवट उठून उभे राहिले. वीस वर्षांचं व्रत होतं...

बसलेली माणसं पुढे झुकली.

भागूमाई त्याच्या कानात म्हणाल्या, “धुणं रात्रभर ताकात भिजव. सकाळी उन्हात घाल.”