चौकटीआडचा हात

सात टेकड्यांच्या मधोमध एक चिमुकलं राज्य होतं, आणि त्या राज्यात ठकू नावाची एक सुतारीण राहत होती. ती तसबिरींच्या चौकटी करायची. तिला एक खोड होती. लोक चित्र बघतात ते मधोमध बघतात; ठकू आधी कड बघायची. कुणाच्याही घरी गेली की भिंतीवरची तसबीर उतरवायची, उलटी करायची, कोपऱ्यातला सांधा नखानं चाचपायची आणि विचारायची, "ही कुणी केली हो? आणि अशीच का केली?"

घरातले म्हणायचे, "अगं बाई, आधी गूळपाणी तरी घे!"

त्या राज्याच्या दरबारात पुरुषभर उंचीचं एक जुनं चित्र होतं. राज्य स्थापन करणाऱ्या पहिल्या राजाचं. चित्रात तो जेमतेम दहा वर्षांचा पोरगा होता. मान खाली, नजर पायांकडे, आणि त्याच्या खांद्यावर एक हात. नुसताच हात. मनगटापाशी चौकट सुरू व्हायची, त्यामुळे तो हात कुणाचा, हे काही केल्या दिसत नसे.

सरनोबत म्हणायचे, "तो आमच्या पूर्वजांचा हात. त्यांनी बाळराजांना सांभाळलं, म्हणून राज्य उभं राहिलं."

कारभारी म्हणायचे, "छे! हात आमच्या पूर्वजांचा. त्यांनी वाट दाखवली, म्हणून बाळराजे चालले."

दर वर्षी राज्याच्या वाढदिवशी राजाच्या उजवीकडे कुणी बसायचं, यावरून दोन्ही घराण्यांची जुंपायची. एकदा तर भर दरबारात पागोटी उडाली होती. आताचे राजे तरुण होते आणि या भांडणाला विटले होते. पण हात कुणाचा ते त्यांना तरी कुठे ठाऊक होतं?

त्या वर्षी चौकटीला वाळवी लागली. खालची पट्टी भुसभुशीत होऊन लोंबायला लागली. राजांनी ठकूला बोलावणं धाडलं. "वाढदिवसाला आठ दिवस आहेत. जुनी काढ, नवी कर," ते म्हणाले.

ठकू हत्यारांची पेटी घेऊन आली. चौकट कसली, महिरपच होती ती! हातभर रुंद, वर सोन्याचा वर्ख, चुन्यात उठवलेली पानं, फुलं, द्राक्षांचे घोस. आताच्या राजांच्या आजोबांना समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांच्या वस्तूंचं भारी वेड होतं, त्यांच्या काळातलं हे काम. ठकूनं पटाशी घालून हलकेच एक पट्टी उचकटली, आणि तिचे डोळे विस्फारले. आत आणखी एक चौकट होती!

कारागिरानं जुनी न काढता तिच्यावरच नवी ठोकली होती. ही आतली चौकट बारीक आरशांनी मढवलेली होती. ठकूनं आरशांच्या खाचांवरून बोट फिरवलं. सगळ्या खाचा उलट्या बाजूला कललेल्या. "अगं बाई, तू डावखुरा होतास होय रे!" ती स्वतःशीच म्हणाली. जणू तो माणूस समोर बसून काम करत होता.

दुसऱ्या दिवशी आरशांची चौकट निघाली. तिच्या आत तिसरी. काळ्या लाखेची, तिच्यावर पाण्याच्या लाटांसारखी लाल रेघ. एका कोपऱ्यात मात्र लाट अर्धवट सुटलेली. घाई झाली असेल, की लाख संपली असेल? ठकू बराच वेळ तो कोपरा बघत बसली.

मग एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. प्रत्येक कारागिरानं आपली चौकट आधीच्यापेक्षा रुंद केली होती, आणि रुंदी वाढवायला जागा कुठून आणली? चित्रातून. दर पिढीला चौकट आणखी आत सरकली होती आणि चित्र आणखी लहान झालं होतं.

तिला एकदम कानकोंडं झाल्यासारखं वाटलं. तरुणपणी तिनंही हे केलं होतं. मोरांची नक्षी पुरी बसावी म्हणून एका देवीच्या पायांची बोटं तिनं चौकटीखाली घातली होती. घरधनी खूश झाला, नक्षीची वाहवा झाली, आणि बोटांचं कुणी विचारलंही नाही.

दोन चौकटी निघाल्यामुळे चित्रातल्या हाताचं मनगट दिसायला लागलं होतं, आणि त्यापुढे बाहीचा तुकडा. ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. सरनोबत धावत आले, कारभारी त्यांच्या मागोमाग. दोघांनी नाक चित्राला टेकवलं. मनगटात कडं नव्हतं. बाही जाडीभरडी होती आणि तिला ठिगळ लावलेलं होतं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"ठकू, पुढे काही काढायचं नाही," सरनोबत म्हणाले. "नवी चौकट जुन्याच रुंदीची कर. हात होता तसा राहू दे."

"आणि हे बघ," कारभारी मऊ आवाजात म्हणाले, "जंगलातला साग माझ्या चिठ्ठीशिवाय कुणाला मिळत नाही. तुझ्या घरात दोघांचा धंदा लाकडावर चालतो ना?"

ठकू घरी आली ती विचारात. नवरा अंगणात खाटेच्या पायांना रंधा मारत होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "अगं, वीतभर रुंद की हातभर रुंद, कोण मोजायला बसलंय? साग बंद झाला तर खायचं काय?"

"अहो, तेही खरंच आहे."

"मग?"

"पण चित्रकारानं पार कडेपर्यंत रंग दिलाय. त्याला काहीतरी दाखवायचं होतं. ते काय होतं, हे बघितल्याशिवाय मला घास गिळायचा नाही. आणि एकदा बघितलं की मग झाकणार कोणत्या तोंडानं?"

नवऱ्यानं रंधा खाली ठेवला. बायकोचा स्वभाव तो ओळखून होता. "फणसाच्या फळ्या आहेत पडवीत," तो म्हणाला. "साग नाही मिळाला तर त्यावर भागवू."

सकाळी ठकूनं लाखेची चौकट उतरवली. आत चौथी आणि शेवटची चौकट होती. साधी, शिसवी, दोन बोटं रुंद, नक्षी नाही की वर्ख नाही. एकही खिळा नव्हता, सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे. ती चित्राच्या कडेला नुसती टेकली होती. रंगाचा एक कणही तिनं झाकला नव्हता.

ठकू मागे सरकली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं चित्र मधोमध बघितलं.

वाढदिवसाच्या दिवशी राजे आले, दरबार भरला. पडदा सरला आणि सगळीकडे कुजबुज सुरू झाली. खांद्यावरच्या हातामागे आता माणूस दिसत होता. एक म्हातारा. अंगात ठिगळांची बंडी, दुसऱ्या हातात काठी, डोळे मिटलेले. आंधळा होता तो. खालच्या कडेला घाटाच्या पायऱ्या उघड्या झाल्या होत्या, आणि म्हाताऱ्याचा एक पाय पुढची पायरी चाचपत होता. बाळराजाची नजर त्याच पायावर होती. तो त्या म्हाताऱ्याला नदीवर घेऊन चालला होता.

तो हात आधार देत नव्हता, आधार घेत होता.

"हे खोटं आहे!" कारभारी ओरडले. "या बाईनं आठ दिवसांत म्हातारा रंगवून काढलाय!"

"तिला अडकवा!" सरनोबतांनी री ओढली.

पण कड बघणाऱ्याला पुरावाही कडेलाच सापडतो. ती पुढे झाली. "महाराज, जवळ या. रंगाला पडलेल्या या भेगा बघा. ही बारीक भेग बाळराजांच्या कानापासून निघाली, खांद्यावरून हातावर आली, हातावरून बाहीवर, आणि इथे म्हाताऱ्याच्या गालावर संपली. म्हातारा मी रंगवला असता, तर भेग हातापाशीच थांबली असती. दोनशे वर्षांची भेग मी आठ दिवसांत कुठून आणू?"

राजांनी भेगेवर बोट ठेवलं आणि कानापासून गालापर्यंत सावकाश फिरवलं.

"कुठेही तुटत नाही," ते म्हणाले. मग सरनोबतांकडे वळले. "तुमचा पूर्वज नव्हता." कारभाऱ्यांकडे वळले. "तुमचाही नव्हता. आणि आमचा पूर्वज थोर होता, पण आम्हाला वाटत होतं त्या कारणानं नव्हे."

एवढं बोलून ते सिंहासनाकडे न जाता दारातून बाहेर पडले. सगळे बघतच राहिले. घटकाभरानं परत आले तेव्हा त्यांच्या खांद्याला धरून घाटावरची एक म्हातारी बुरडीण चालत होती. डोळ्यांत फूल पडून दृष्टी गेलेली. राजांनी तिला आपल्या उजवीकडे बसवलं. पुढे दर वर्षी ती जागा अशाच कुणाला मिळू लागली, आणि भांडायला काही उरलंच नाही.

कारभाऱ्यांनी सागाची चिठ्ठी मात्र अडवलीच. वर्षभर ठकूनं फणसावर काम केलं. कामाला तोटा नव्हता. गावोगावचे लोक आपापल्या तसबिरी काखेत मारून तिच्या अंगणात यायला लागले. "बाई, आमच्या चित्राच्या कडेला कुणी लपलंय का बघा!"

ठकू प्रत्येक चौकट उघडायची. एकात शेळी निघाली. एकात चित्रकाराच्या अंगठ्याचा ठसा निघाला. बऱ्याच जणांच्या कडेला नुसतंच आभाळ निघालं, आणि ठकूनं त्यांना ते तसंच सांगितलं.

तात्पर्य एवढंच : दिसतं तेवढ्यावर आपल्या सोयीचा अर्थ लावू नये, झाकलेली कड उघडून बघावी, आणि जे निघेल ते खरं मानावं.