कावळा शिवला नाही

पुष्कळ जुनी गोष्ट आहे, गलबतं वाऱ्याच्या भरवशावर समुद्र ओलांडत तेव्हाची. किनाऱ्यावरच्या एका गावात मिरीचा एक व्यापारी राहत होता. पावसाळ्याआधी तो घरी यायचा आणि नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा निघायचा.

त्याला एक छंद होता. परमुलखात तो राजवाडे बघत नसे. साधी माणसं कशी राहतात ते बघायचा. घरी आला की संध्याकाळी ओट्यावर बसून सांगायचा. बर्फाच्या मुलखात म्हातारी माणसं भट्टीच्या माथ्यावर, उबेला झोपतात. वाळूच्या मुलखात दारी आलेल्याला ‘का आलास’ असं कुणी विचारत नाही, आधी पाणी देतात. एका बेटावरच्या कोळणी नवरा दर्यावर असेपर्यंत केस विंचरत नाहीत. ऐकायला सारा गाव लोटायचा.

त्याची बायको दाराआड उभी राहून ऐकायची. एकदा वाढता वाढता ती म्हणाली, “अहो, तुम्ही नसता तेव्हा इथं काय काय होतं, ते सांगू?”

तो हसला. “इथं काय व्हायचंय? चूल, विहीर आणि गाय. ते का मला ठाऊक नाही?”

तिनं आमटीची वाटी पुढं सरकवली. पुन्हा तो विषय काढला नाही.

एका पावसाळ्यात तिला तापानं धरलं. वैद्य झाले, काढे झाले, उतार पडेना. एका संध्याकाळी तिनं नवऱ्याचा हात धरला. “थोडं बसा ना. एक सांगायचंय.”

बाहेर ओट्यावर माणसं जमली होती. “आलोच,” म्हणून तो उठला. गोष्ट रंगली. तो आत आला तेव्हा ती गेली होती.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवले. कावळे समोरच्या झाडावर येऊन बसले, पण एकही खाली उतरेना. भटजी म्हणाले, “शेट, बाईंची काही इच्छा राहिली असेल. बोला, पुरी करीन म्हणा.”

“तिच्या नावानं धर्मशाळा बांधीन.”

कावळे हलले नाहीत.

“तिच्या माहेराला अंतर देणार नाही.”

तरी हलले नाहीत.

शेजारची म्हातारी पुढं आली. “अरे, तिला गोड काय आवडायचं, ते तरी ठेव पानावर.”

 कुठल्या मुलखात बाळंतिणीला काय भरवतात, सुतकात काय रांधतात, सारं व्यापाऱ्याला तोंडपाठ होतं. खालच्या आवाजात तो म्हणाला, “मला माहीत नाही. तुम्हाला?”

“विचारलं की म्हणायची, यांना आवडतं तेच मला.”

दिवस कलेपर्यंत सगळे थांबले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. लोक खाली मान घालून आपापल्या घरी गेले.

नारळी पौर्णिमा आली आणि गेली. त्यानं गलबत लोटलं नाही. एका संध्याकाळी माणसं पुन्हा ओट्यावर आली. “शेट, एखाद्या मुलखाची गोष्ट सांगा.”

तो म्हणाला, “एका घरात एक बाई राहत होती.”

लोक कान देऊन बसले. त्यानं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. पुढचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. अंधार पडला तसा एकेक जण उठून गेला.

तात्पर्य: घरच्या माणसाचं वेळेवर ऐकावं, मागाहून साऱ्या जगाला विचारलं तरी उत्तर मिळत नाही.