काशाच्या असुराचा चेहरा

“चेहरा कैद्याचा घे! तुरुंग भरलाय माझा!” राजा शूरपाल गरजला.

“कैद्यानं विष घातलं का तुमच्या भावाला?” रेवाक्का ओतारणीने विचारले.

एका राज्यात भर दरबारी हा तंटा पेटला होता. दोघांच्या मध्ये, चौरंगावर, पुरुषभर उंचीची काशाची महिषासुरमर्दिनी होती. रेवाक्कानेच ओतलेली. रेड्याच्या चिरल्या मानेतून असुर निम्मा बाहेर आलेला, आणि त्याचा चेहरा राजाच्या थोरल्या भावाचा.

ओताऱ्यांची रीत अशी, की मेण जिवंत चेहऱ्यावरच थापायचे. राजाने भावाला मारले, वर त्यालाच पापी ठरवायला त्याच्या प्रेताचा चेहरा असुराला द्यायला लावला. रेवाक्का धाकाने वाकली. देवीने मात्र असुराच्या छातीतून शूल उपसला. त्या दिवसापासून माणसे पायांकडून काशाची होऊ लागली. रेवाक्काचा मात्र मेण थापणारा डावा हातच काशाचा झाला. आज राजकन्या चारुमती कमरेपर्यंत काशाची होऊन बापासमोर उभी होती.

त्या उपसलेल्या शूलावर बसून एक साळुंकी बोलली होती, “नागाच्या वारुळाची माती आणा. मसणातल्या पोळ्याचे मेण आणा. खऱ्या पाप्याचा चेहरा आणा. मेण भट्टीत वितळेल, तसा त्याचा जीवही वितळेल.”

मातीसाठी नागाने रेवाक्काचा एक डोळा मागितला. तिने दिला. मेणासाठी माश्यांनी तिची झोप मागितली. तीही दिली. तिसरे काम दरबारात अडले होते.

“थेरडे, तुलाच भट्टीत घालीन!”

“घाला. मग ओतणार कोण, तुमचा प्रधान? त्याला धड पेज ओतता येत नाही.”

“राजावाचून राज्य बुडेल.”

“राजापायीच बुडतंय. मी प्रेतावर मेण थापलं, माझा हात गेला. मी कुणाकडे बोट दाखवलं का?”

यावर ती आणखी एकच वाक्य बोलली, आणि राजाने मुकुट काढून चौरंगाखाली ठेवला. मेण थापताना तो हलला नाही. भट्टी पेटली, मातीच्या साच्यातले मेण वितळले, राजाचा श्वास थांबला. रेवाक्काने साच्यात कासे ओतले. नव्या असुराच्या छातीत देवीचा शूल पुन्हा रुतला. घरोघरची माणसे हातपाय हलवू लागली. चारुमती गादीवर बसली, आणि बापाचे सुतक तिने एकटीने पाळले.

म्हातारीचे ते वाक्य असे होते:

“महाराज, लेकीच्या काळजावर हात ठेवा, अजून धडधडतंय ते, आणि हात तसाच ठेवून सांगा मला, कुणाचा चेहरा घेऊ?”