पाठ बघायला आलेला माणूस

चूक दिगंबरबुवांची होती. वयाकडे बघून कोणी बोललं नाही, एवढंच.

“मग पोरं पळतात का, बुवा?” मठाच्या शाळेचा तरुण मास्तर उद्धव तावातावाने विचारत होता. “डी.एड. केलं. पात्रता परीक्षा पहिल्या फटक्यात काढली. आणि सराव पाठांना तर तुम्हीच अव्वल गुण दिलेत!”

“दिले.”

“आता गाव म्हणतं, हा मास्तर नको. दिवाळीनंतर दुसरा आणू.”



बुवांची हयात अध्यापक विद्यालयात गेली. होऊ घातलेल्या मास्तरांचे पाठ मागे बसून बघायचे, गुण द्यायचे. स्वतः पोरांना कधी शिकवलंत का, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. म्हातारपणी मठात राहायला आले, तरी मठाच्या शाळेत रोज मागे येऊन बसत. तेवढंच सुख उरलं होतं.

“शिकव बघू,” बुवा म्हणाले, आणि वर्गात पोरांच्या मागे जाऊन बसले.

उद्धवने भागाकार घेतला. आवाज खणखणीत. फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं.

बुवा उठून खिडकीपाशी गेले. उद्धवची मान खिडकीकडे वळली.

बुवा खांबापाशी गेले. मान खांबाकडे.

मग बुवा ओसरी उतरले आणि आवळीच्या झाडामागे जाऊन उभे राहिले.

उद्धव थांबला. भागाकार अर्ध्यावर.

“थांबलास का रे?” झाडामागून आवाज आला.

“तुम्ही दिसेनात...”

“पोरं दिसतायत ना?”

...

पुढच्या रांगेतली गोजरी पाटी वर धरून उभी होती. “सर, माझी बाकी तीन उरतेय. मघापासून दाखवतेय. तुम्ही आपले त्या आजोबांनाच शिकवताय!”

पोरं फिदीफिदी हसली. उद्धवचे कान लाल झाले.

मग तो खाली वाकला. “बघू... अगं, तीनच उरायला हवेत. कसं केलंस? सांग की मलाही.”

तिथेच मांडी घालून बसला. पोरं त्याच्या अंगावर रेलली. त्या दुपारी कोणी पळालं नाही.

शाळा सुटल्यावर उद्धव हसतच झाडाखाली आला. “बुवा, उद्या या. बसा खुशाल मागे. आता तुमच्याकडे बघणार नाही, शपथ!”

“बघशील. मीच लावलीय ती खोड.”

“मग तुम्ही कुठे बसणार?”

बुवांनी खाली पडलेला एक आवळा उचलला, धोतराला पुसला, चावला. तोंड वाकडं झालं, तरी हसले.

“शाळेत आता मला जागा नाही.”