राणूच्या हाताचं आळं

फार वर्षांपूर्वी, म्हणजे माझ्या पणजीलाही जुनी वाटायची इतक्या पूर्वीची ही गोष्ट. आमच्या पाणवडीत हौसा नावाची एक भोईण होती. नदी आटली की पात्रातल्या वाळूत कलिंगडाची वाडी करायची, हा आमचा पिढीजात धंदा. पौषात पाणी हटलं की वाळूत आळी खणायची, गाळानं त्यांचे काठ लिंपायचे आणि बी टोकायचं. मृग लागायच्या आधी मात्र ज्याची वाडी त्यानंच ती पायानं मोडायची आणि मागे न बघता घरी यायचं. नदीनं ओढून न्यायच्या आधी आपणच देऊन टाकावं, एवढीच त्यामागची समजूत.

हौसाचा नवरा राणू. दोघांचा एकमेकांवर इतका जीव की गाव चेष्टा करायचं. राणूला प्रत्येक आळ्याच्या ओल्या काठावर पंजा थापायची खोड होती. हौसा म्हणायची, "अवो, लेकरं हायेत का ती थोपटायला?" तो नुसता हसायचा.

एका फाल्गुनात राणूला ताप भरला आणि चार दिवसांत तो गेला. त्यानं लावलेले वेल मात्र वाढत राहिले. फळं धरली. हौसानं ती सगळी वाटून टाकली, स्वतः एक फोड तोंडात घातली नाही. बी तेवढं धुऊन वाळवून वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून ठेवलं.

मृग जवळ आला तशी तिनं वाडी मोडायला घेतली. पण शेवटच्या आळ्याशी तिचा पाय अडला. उन्हानं काठ कडक झाला होता आणि त्यावर राणूचा पंजा जसाच्या तसा होता. वाकडी करंगळीसुद्धा उमटलेली. हौसानं पाय मागे घेतला.

"ह्ये न्हाई देणार," ती नदीला म्हणाली. "मानूस गेलं. हात तरी ऱ्हाऊ दे बाई."

तिनं दगड वाहून आळ्याभोवती गुडघाभर गडगा रचला. असं म्हणतात, त्या वर्षी देवळाच्या पायऱ्या बुडाल्या, पण गडग्यापाशी येऊन नदी दुभंगली. आत थेंब शिरला नाही. पाऊससुद्धा बाजूनं पडला. आता तुम्ही हसाल. हसा, मीही लहानपणी हसलो होतो.

पौषात हौसानं त्याच आळ्यात तुंब्यातलं बी टोकलं. उगवलं नाही. दुसऱ्या वर्षी टोकलं, तिसऱ्या वर्षी टोकलं. आजूबाजूला सगळ्यांचे वेल पसरले, हिच्या आळ्यात नुसती कोरडी वाळू. ती दिवसभर त्या पंजाजवळ बसायची आणि दुसरीकडे एक खड्डा खणायची नाही. हाडांचा सापळा झाला बाईचा.

शेवटी शेजारची म्हातारी बायजाकाकी काठी टेकत वाळूत आली.

"हौसा, नदीनं ऐकलं गं तुझं. ती हितं आलीच न्हाई. मग गाळ तरी कुठनं यावा? तुंब्यात किती बी ऱ्हायलंय?"

"मूठभर, काकी."

"त्ये बी त्याच्याच हातच्या वेलाचं न्हवं का, पोरी?"

 मृगाच्या आदल्या दिवशी हौसानं गडगा उतरवला, एकेक दगड करून. मग आपला पंजा राणूच्या पंजावर ठेवला आणि ऊन उतरेपर्यंत तशीच बसून राहिली. ऊन उतरल्यावर उठली. पाय टाकला. काठ मोडला.

पौषात पाणी हटलं तेव्हा सगळी वाळू सपाट, नवी. आळं कुठं होतं ते तिला सापडेना. ती इकडून तिकडे धावली, रडली, शेवटी थांबली तिथंच खणायला बसली. काठ लिंपला, मूठभर बी टोकलं आणि हात आपसूक काठावर थापला गेला. असं म्हणतात, तिसऱ्या दिवशी अंकुर आले, आणि त्या वेलाच्या प्रत्येक कलिंगडावर पाच फिकट पट्टे होते, कुणी पंजा फिरवावा तसे. आमच्याकडच्या कलिंगडावर अजून असतात. मी मोजलेत, कधी सहाही भरतात, पण पाणवडीत तसं बोलायची सोय नाही. हौसा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली आणि दर वर्षी तिनं नवं आळं खणलं.

तेव्हापासून आमच्याकडे वाडी मोडताना आधी काठावर पंजा ठेवतात, "हौसाबाई, देतो गं," म्हणतात आणि मगच पाय टाकतात. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं असेल, त्यांचा मान पहिला.

गेल्या साली तो मान माझा होता. आमची ही माघात गेली. काठ तिनंच लिंपले होते, बोटांच्या रेघा दिसत होत्या. पंजा ठेवला, हौसाबाईचं नाव घेतलं, पण पाय उचलेना. सगळा गाव उन्हात उभा, कुणी घाई केली नाही. मग टाकला एकदाचा.

मागे बघायचं नसतं. मी बघितलं.