हाड म्हटलं की येणारा कुत्रा

ही गोष्ट खरी आहे. आईशप्पथ खरी. म्हणजे मी तिथं नव्हतो, ज्यांनी मला सांगितली तेही नव्हते, आणि मधली थोडी मीच जुळवली आहे. पण कुत्रा खरा.

पूर्वी शिरीषपूर नावाच्या नगरात चित्रकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने राणीच्या कुत्रीला फिरवणाऱ्याचा जन्म घेतला होता. हत्ती, हरीण, मंत्री हे जन्म तेव्हा भरलेले असावेत. त्याचं नाव पिंगल.

कुत्रीचं नाव लवंगी. होतीही लवंगेएवढीच, आणि इतकी भित्री, की स्वतःची शेपूट अचानक दिसली तरी दचकायची. पिंगल रोज सकाळी तिला दोरीला धरून तळ्याकाठी फिरवून आणायचा. दोघांचं बरं चाललं होतं.

मग वसुदत्त शेठनी कुत्रा पाळला.

पाळला म्हणजे, आणला आणि सोडला. वासराएवढा दांडगा. गळ्यात पट्टा नाही, पट्ट्याला दोरी नाही. लवंगी दिसली की तो तळ्याच्या पलीकडून सुसाट निघायचा, आणि त्याच्या मागून, बऱ्याच मागून, शेठ पान चघळत ओरडायचे, "घाबरू नका हो! काही करत नाही तो!"

पिंगलने जाणता माणूस करेल ते सगळं केलं. तो पळाला नाही. लवंगीला मागे घेऊन स्वतः मधे उभा राहिला. दोरी ताणली नाही. कुत्र्याच्या डोळ्यांत बघितलं नाही. हळूच वाट वाकडी केली. आणि शेवटी, शांतपणे पण ठामपणे, अशा वेळी सगळं जग जे म्हणतं तेच म्हणाला, "हाड!"

कुत्रा दुप्पट वेगाने आला.

"हाड! हाड!"

कुत्र्याने पिंगलच्या खांद्यांवर पुढचे पाय ठेवले आणि त्याचं तोंड कानापासून कानापर्यंत चाटून काढलं. लवंगी तोवर पिंगलच्या धोतरात शिरली होती आणि बाहेर यायला तयार नव्हती. त्या अवस्थेत तो राजवाड्यापर्यंत चालत कसा गेला, याबद्दल परंपरा गप्प आहे.

असं रोज होऊ लागलं. लवंगीने खाणं सोडलं. राणीने राजाकडे बघितलं. राजाने शिपाई धाडले. ते "हाड, हाड" करत गेले आणि ओलेचिंब होऊन परत आले. शेवटी राजाने पिंगलला बोलावलं.

"तुझ्याकडे तो आपणहून येतो. उद्या सकाळी भाला घेऊन उभा राहा आणि संपव त्याला. सेनापतीची जागा रिकामी आहे, ती तुझी."

पिंगलने डोकं खाजवलं.

"का रे? सेनापती व्हायचं नाही का?"

"व्हायचंय, महाराज. आई रोज विचारते. पण त्याची शेपूट बघितलीत का? फाडून खायला येणारा अशी शेपूट हलवत येत नाही. त्याला काहीतरी भलतंच ऐकू येतंय."

"उद्या सकाळपर्यंत शोधून काढ. नाहीतर भाला आहेच."

पिंगल तडक शेठच्या वाड्याच्या मागच्या दाराशी गेला. तिथं स्वयंपाकीण मल्ली भांडी घासत बसली होती.

"मल्लीमावशी, ह्याला हाड म्हटलं की हा काय करतो?"

"काय करणार? खातो." तिने पातेल्यातून एक मोठं हाड उचललं आणि अंगणात हाक टाकली, "हाड!" कुत्रा भिंतीवरून उडी मारून आला. "रोज जेवणं झाली की एवढंच ओरडते. शहाणं आहे पोर."

पिंगल दारातच बसला. "आणि हाकलायचं झालं तर?"

"मी कशाला हाकलू बाई! पण अंघोळ घालायची असली की शेठाणी लाडात येऊन बोलावतात, यू यू यू करून. ते कानावर पडलं की जो पळतो, तो अंधार पडेपर्यंत तोंड दाखवत नाही."

सकाळी तळ्यावर सगळं नगर जमलं. राजा भाला घेऊन स्वतः आला होता. शेठ पान चघळायचे थांबले होते, तोंड पांढरंफटक. तेवढ्यात पलीकडून कुत्रा दिसला, आणि घाबरून सगळं नगर एका आवाजात ओरडलं, "हाड!"

त्या जीवाला इतक्या माणसांनी एकदम जेवायला कधी बोलावलं नव्हतं. तो उडतच निघाला.

"पिंगला, धर भाला!" राजा म्हणाला.

पिंगलने भाला घेतला आणि तळ्यात टाकून दिला. लवंगीला मागे घेऊन तो पुढे झाला, आणि गळ्यात होता नव्हता तेवढा गोडवा आणून म्हणाला, "यू यू यू! ये रे राजा, ये रे सोन्या!"

कुत्रा जागच्या जागी थबकला. त्याने पिंगलकडे असं बघितलं, की तूसुद्धा? मग वळला आणि दिसेनासा झाला. 'राजा' ऐकून महाराज एक पाऊल पुढे आले होते, तेही मागे सरले.

"बघा, मी म्हणत होतो ना," शेठना कंठ फुटला, "काही करत नाही तो!"

"शेठ, कुत्रा काही करत नाही, पटलं," पिंगल म्हणाला. "तुम्हीही काही करत नाही, त्याचं काय?"

राजाला हसू आवरेना. कुत्र्याचा जीव वाचला. सेनापतीपद मात्र पिंगलने घेतलं नाही, एक दणकट दोरी मागितली. तिचं एक टोक कुत्र्याच्या गळ्यात बांधलं आणि दुसरं शेठच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवसापासून शेठ तळ्याभोवती कुणी न सांगता पळू लागले. लवंगी आधी लांबून बघायची, मग थोडं जवळून. एके दिवशी ती त्या धिप्पाड कुत्र्यासमोर गेली आणि जन्मात पहिल्यांदा भुंकली. तो शेठच्या मागे लपला. त्या दिवशी तिने पोटभर खाल्लं.

एवढं सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, जन्मांची सांगड घातली. "भिक्खूंनो, तेव्हाचा तो कुत्रा म्हणजे आपल्यातला तो, ज्याला 'पुरे' म्हटलं की 'अजून' ऐकू येतं. शेठ म्हणजे तो, जो 'मी काही केलं नाही' म्हणतो आणि झाडलोटीच्या वेळी ते खरं ठरतं. लवंगी म्हणजे मागे बसलेली ती उपासिका, जी आज पहिल्यांदा प्रश्न विचारायला उठली आहे. आणि पिंगल मीच होतो. धावून येणाऱ्याला काय ऐकू येतंय ते आधी समजून घ्यावं. हीच करुणा."

संपली गोष्ट. फुकट ऐकायची पद्धत नाही, तेव्हा ते थालीपीठ अर्धं इकडे सरकवा. ते नाही, लोणी आहे ते अर्धं.