आजोबांची नेमावाशी

एका गावात रोपवाटिका होती आणि त्या रोपवाटिकेत भोळा सखाहरी कामाला होता. सांगाल ते करायचा. अगदी तेच करायचा.

मालकीण इंदूताई जपानात जाऊन बागकाम शिकून आल्या होत्या. तिथला एक शब्द त्यांच्या तोंडी बसला होता, नेमावाशी. कुठलंही काम निघालं की म्हणायच्या, "आधी नेमावाशी!"

सखाहरीचं मन शेवंतावर होतं. शेवंताचं सखाहरीवर. अडून बसले होते तिचे आजोबा. रविवारी लग्नाची बैठक ठरली.

"ताई, बैठकीत काय बोलू?"

"बैठकीत नाही रे, आधीच बोलायचं. एकेकाला बाजूला गाठायचं, गोड बोलून राजी करायचं. हीच नेमावाशी. आणि ती लिंबोणी कुंपणापाशी हलव. नेमावाशी करून हं!"

सखाहरी लिंबोणीपाशी गेला. एकेक फांदी बाजूला घेऊन म्हणाला, "तिकडं ऊन झकास आहे. येता ना?" वारा आला. फांद्या डोलल्या. "राजी!" म्हणत त्यानं झाड उपटलं आणि कुंपणापाशी रोवलं. संध्याकाळी लिंबोणीनं मान टाकली.

ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे, ती माणसांची तऱ्हा! शब्दाचा मूळ अर्थ मुळांभोवती फिरणं. भोवती चर खणायचा, ओलं गोणपाट गुंडाळून सुतळीनं आवळायचं, पाणी घालायचं. नवी मुळं फुटेपर्यंत हलवायचं नाही. समजलं?"

"समजलं. आता चुकायचा नाही."

रविवारी तो बैठकीच्या आधीच शेवंताकडे पोचला. हातात कुदळ, खांद्यावर गोणपाट. आजोबा अंगणात घोंगडीवर घोरत होते. सखाहरीनं भोवती चर खणला. पायापासून गळ्यापर्यंत गोणपाट गुंडाळलं. सुतळी आवळली. घागर ओतली.

आजोबा ओरडत उठले. उठले म्हणजे, डोळे तेवढे उघडले.

"कोण रे तू?"

"सखाहरी. बैठकीला आलोय."

शेवंता धावत बाहेर आली आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागली.

"हसतेस काय? सोडव मला!"

"मी कशी सोडवू? गाठी त्यांनी मारल्यात."

"काय पाहिजे रे लेका तुला?"

"शेवंता."

"दिली! घेऊन जा! आधी मला मोकळं कर."

सखाहरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यानं आजोबांना वाकून नमस्कार केला, लग्नाचं आवतण दिलं आणि दुसरी घागर ओतली.

"अरे, सोड की आता!"

"असं कसं, आजोबा? अजून मुळं कुठं फुटलीत?"